लिबेरोला मत कोण देणार?

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत बुधवार दुपार खेळासाठी राखलेली. ‘बक्स’ या विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धेचे बहुतेक सामने त्याच दिवशी. आमचा मुलींचा व्हॉलीबॉल संघ मिनीबसने परतत होता आणि गाडीत एकच वाद: वर्षाची सर्वोत्तम खेळाडू कोण?

“आपली स्मॅशर, आणखी कोण!”

मी वही उघडली. ४० फटके, १८ गुण, ८ चुका. गुणांतून चुका वजा करायच्या, उरलेल्याला एकूण फटक्यांनी भागायचं. आलं ०.२५०. नुसते १८ ऐकायला केवढे भारी वाटतात!

आणि तिला बॉल उचलून दिला कोणी? सांगलीत आम्ही बॉल उचलून देणारीला लिफ्टर म्हणायचो, इथे सेटर. निदान तिच्या असिस्ट तरी मोजतात. लिबेरोचं काय? १९९८च्या सुमारास नियमांत आलेली ही वेगळ्या रंगाच्या जर्सीतली बचावपटू. तिने ब्लॉक करायचा नाही, बॉल जाळीच्या उंचीच्या वर असताना तो मारायचा नाही. म्हणजे गुणांच्या रकान्यात जवळपास भोपळाच. पण तिच्याविना भागतं का? २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या मुलींनी अल्जीरियाला ३-२ हरवलं. पाच सेट खेचायचे तर मागे बॉल उचलणारी कुणीतरी लागतेच. (हे मी जरा जास्तच जोरात बोलले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.)

संघाच्या जेवणाच्या रात्री सर्वोत्तम खेळाडूसाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझी लिबेरोला. चषक स्मॅशरने नेला. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या लिबेरोने, कोपराची पट्टी सावरत.