सही झाली, पण होकार मिळाला का?

ग्वाल्हेर जिल्ह्यात डबऱ्याच्या बाजूला सालबाई नावाचं गाव आहे. शाळेच्या इतिहासात ते एका ओळीपुरतं येतं: १७८२, सालबाईचा तह, पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची अखेर. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी या तहाच्या तपशिलात शिरावं, असं मला मनापासून वाटतं. व्यवस्थापनाबद्दलचे आपले काही पक्के समज तिथं टिकत नाहीत.

पहिला समज असा, की मीटिंग झाली, मुद्दे कागदावर आले, सह्या झाल्या की विषय संपला. सालबाईला महादजी शिंदे आणि कंपनीचे डेव्हिड अँडरसन यांच्यात तह झाला तो १७ मे १७८२ रोजी. वॉरन हेस्टिंग्जनं जूनमध्येच त्याला मान्यता दिली. पुण्याकडून मान्य झालेला कागद मात्र कंपनीच्या हाती पडायला फेब्रुवारी १७८३ उजाडला. नऊ महिने! हा वेळ जासुदांच्या वाटेत गेला नव्हता. हैदरअलीनं कर्नाटकात जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, असं तहाचं एक कलम होतं. आणि हैदर हा त्या युद्धात नाना फडणविसांचा दोस्त. ज्याला शब्द दिला त्याच्यावरच अट लादायची, या पेचात नाना थांबून राहिले. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि त्यानंतरच पुण्याची मान्यता आली.

ऑफिसात आपण अशा थांबण्याला आडमुठेपणा म्हणून मोकळे होतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना टाकली, सगळ्यांच्या निळ्या खुणा दिसल्या, कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं असं धरून चालतो. पण गप्प बसलेल्या सहकाऱ्यानं तोच आठवडा दुसऱ्या विभागाला कबूल केलेला असू शकतो. "तुमचा शब्द आधी कुठं गुंतला आहे का?" एवढं विचारलं तर पुढचे कितीतरी खोळंबे टळतात.

दुसरा समज मधल्या फळीबद्दलचा: वरचा निरोप खाली आणि खालचा वर पोचवला की झालं. महादजी तर पेशव्यांचे सरदार, आणि १७८१ मध्ये सिप्रीजवळ, म्हणजे आजच्या शिवपुरीकडं, इंग्रजांकडून मार खाल्लेले. तरी तह पाळला जाईल याची हमी दोन्ही बाजूंनी त्यांच्याकडूनच घेतली. निरोप्याला हमी कोण मागतो?

आणि तिसरा समज, की गोड बोलून, उमेद देऊन माणसं टिकतात. इथं खुद्द महादजींनाच ठेच लागली. १७८७ साली राजपुतांविरुद्धच्या लालसोटच्या मोहिमेत, पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी त्यांना सोडून शत्रूला मिळाल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. पुढं आपल्या पदरच्या द बॉयन या युरोपियन सेनानीच्या कवायती फौजेसाठी त्यांनी दुआबातला मुलूखच तोडून दिला. तिथला वसूल थेट फौजेच्या खर्चाला जाई, शिपायांचा पगार वेळेवर होई. याच फौजेनं १७९० मध्ये पाटण आणि मेडता ही दोन्ही मैदानं मारली.