कोयत्याचा हिशेब आणि अकाली मातृत्व

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयाला किशोरवय मानते. या वयातील मातृत्वाचा प्रश्न भारतात बहुतांशी बालविवाहातून उद्भवतो आणि मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांमध्ये त्यामागे रूढीइतकाच मजुरीचा व्यवहार उभा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली माता झालेल्या किंवा गरोदर आढळल्या, तर बीड आणि परभणी जिल्ह्यांत २० ते २४ वयाच्या ४० टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि मजूर पुरवणारा मुकादम हंगामापूर्वी देतो ती आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, याच हिशेबाने ठरते. एकटा मजूर अर्धा कोयता धरला जात असल्याने मुलाचे लग्न झाले की घरात येणारी उचल वाढते. मुलीच्या आईबापांपुढचा पेच निराळा असतो, कारण पाच-सहा महिने उसाच्या फडावर जाताना वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे आणि सोबत नेल्यास दार नसलेल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, ती दिवसभर एकटी कशी राहील, या दोन्ही चिंतांवर लग्न हाच उपाय त्यांना दिसतो. लग्नानंतर लवकर पाळणा हलावा ही सासरची अपेक्षा असते आणि पाळणा लांबवण्याचा निर्णय मुलीच्या हाती नसतो.

वैद्यकीय धोका येथूनच वाढत जातो. कटिबंध, म्हणजे बाळाला वाट देणारी कमरेच्या हाडांची चौकट, पुरेसा वाढलेला नसेल तर प्रसूती अडते. राज्यातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याने बाळंतपणातील रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळ अडीच किलोहून कमी वजनाचे जन्मण्याचा संभवही अधिक असतो. अशा वेळी नियमित तपासणी हवी असते, परंतु गावच्या आशाताईंकडे नोंद असलेली मुलगी हंगामात दूरच्या जिल्ह्यात मोळ्या वाहत असते आणि तपासणीसाठी खाडा केला तर मजुरी बुडते.

बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) अल्पवयीन मुलीच्या गर्भधारणेची माहिती पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही तरतूद मुलीच्या संरक्षणासाठी असली तरी गुन्हा दाखल होईल या धास्तीने कुटुंब दवाखाना टाळते. म्हणून केवळ लग्न रोखणारी कारवाई पुरी पडत नाही. हंगामी वसतिगृहे, बारावीपर्यंतचे जवळचे शिक्षण, फडापर्यंत पोहोचणारी आरोग्यसेवा आणि जोडीवर न बेतलेली मजुरी यांची सांगड घातली, तरच मुलीचे लग्न लांबवणे आईबापांना परवडेल.