रंगाखालचा रंग

मूळचे पांढुर्ण्याचे, पण गेली तीस-पस्तीस वर्षे नोकरीनिमित्त आमच्या या किनारपट्टीच्या राज्यात स्थायिक झालेले एक वाचक नुकतेच आम्हांस भेटावयास आले होते. गावाकडील त्यांच्या वडिलोपार्जित घराच्या मागील पडवीत १९६० नंतरच्या दशकातील एक फियाट अकराशे उभी आहे. वडील निवर्तल्यावर ती भंगारात न घालता पूर्ववत करावी, असे भावंडांनी ठरविले. नागपूरच्या रंगाऱ्याला बोलाविले, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न केला : ‘मूळ रंग कोणता?’ आई म्हणाली निळसर. काका म्हणाले राखाडी. थोरल्या बहिणीला ती हिरवट आठवत होती. घरातील छायाचित्रे कृष्णधवल. नोंदणी-पुस्तकात ‘ग्रे’ एवढाच शब्द. दाराची कड खरवडून पाहिली तो एकाखाली एक असे चार रंग निघाले! ज्या गाडीतून हे घर लग्नाकार्याला गेले आणि दवाखान्यातही गेले, तिचा रंग घरातल्या कोणालाही खात्रीने सांगता येईना. ‘यावर काही लिहा,’ असे ते जाताना म्हणाले. त्यांच्या विनंतीस आम्ही मान देत आहो.

प्रश्न क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. जुन्या मोटारींचा नाद म्हणजे संस्थानिकांचा आणि धनिकांचा शौक, अशी आपली समजूत आहे. आणि रोल्स-राईस अथवा पॅकार्ड यांच्यापुरती ती खोटीही नाही. परंतु तसल्या गाड्यांची काळजी घेणारे पुष्कळ असतात. कलकत्ता-दिल्लीच्या ‘स्टेट्समन’ने १९६४ पासून दिल्लीत जुन्या मोटारींची फेरी भरविली, मुंबईत त्यांच्या मालकांचे मंडळ आहे, गुरुग्रामजवळ तावडू येथे वाहतुकीचे संग्रहालय आहे. वाली नाही तो तालुक्याच्या गावातील डॉक्टरांच्या फियाटला, व्यापाऱ्याच्या ॲम्बॅसडरला, शेतमालकाच्या जीपला. सामान्य मध्यमवर्गाच्या अर्ध्या शतकाचा इतिहास याच गाड्यांच्या पत्र्यावर लिहिलेला आहे.

पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके कोठे आहेत, हे आमच्या बहुसंख्य वाचकांस ‘गोटमार’ या एका शब्दावरूनच ठाऊक असावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात दगडांचा वर्षाव होतो, ते पांढुर्णा. तेथून पूर्वेला, नागपूर-छिंदवाडा मार्गावर, सौसर. संत्र्यांचा आणि मराठी बोलीचा हा मुलूख जुन्या मध्यप्रांतात नागपूर राजधानीच्या छायेत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. आणि २०२३ च्या ऑक्टोबरात या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. माणसे आपल्याच अंगणात राहिली आणि त्यांचे कागद मात्र राज्य बदलून आले! जेथे दप्तरे अशी विखुरली जातात तेथे घरातील वस्तू हेच दप्तर होते.

आता या गाड्यांच्या कुळाकडे वळू. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. तेथेच पुढे फियाट अकराशे आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने तिचीच आवृत्ती तयार झाली. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागण्याचा तो काळ. गाडी मिळाली हेच भाग्य. रंगाची चिकित्सा करतो कोण? मुंबईच्या रस्त्यावरील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने भरून गेले. त्या काळ्या-पिवळ्या रंगजोडीस स्मृतीचे संरक्षण लाभले आहे. खासगी गाड्यांच्या शांत, फिकट रंगांना ते लाभलेले नाही.

स्मृतीवर विसंबू नये, याचे कारण शास्त्रीय आहे. फोर्डच्या सुप्रसिद्ध ‘टी’ गाडीचेच पाहा. ती काळ्या रंगावाचून मिळतच नसे, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः ते १९१४ ते १९२५ या वर्षांपुरतेच खरे आहे. तत्पूर्वी ती हिरवी, तांबडी, राखाडी, निळीही निघत असे. १९२३ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीचा ‘ड्युको’ हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला आणि रंगछटांचा सुकाळ झाला. आमचे रंगारी अद्यापही ‘ड्युको मारतो’ असे म्हणतात, ते त्या नावाचे अवशेष होत. पण रंग चिरंजीव नसतात. कित्येक तांबडे रंग उन्हाने उडतात. तैलयुक्त पांढरा अंधारात राहून पिवळसर होतो. म्हणजे उन्हातला टप आणि डिकीचा झाकलेला तळ, दोघेही साक्षीदार आपापल्या परीने थोडे खोटे बोलतात. एका जागी खरवडून निवाडा देणे म्हणूनच धोक्याचे.

मग नोंद करावी कशी? प्रथम इंजिनाच्या कप्प्यात कारखान्याची पट्टी आहे का आणि तिच्यावर रंगाचा संकेतांक आहे का, ते पाहावे. नंतर जेथे दुसऱ्या हाताचा रंग सहसा पोचत नाही अशा जागा शोधाव्यात : डॅशबोर्डची आतली बाजू, दाराच्या रबराखालील पन्हळ, नंबरपट्टीच्या मागचा पत्रा. अशा तीन-चार ठिकाणी बारीक पॉलिश-पेपर पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हलक्या हाताने घासली, की झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे थर उघडे होतात. तळाशी लागणारा तांबूस किंवा करडा थर पुष्कळदा अस्तराचा असतो. त्यालाच मूळ रंग समजण्याची चूक करू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये. मग दिवसाच्या उजेडात, शेजारी प्रमाणित रंगपट्टी धरून, छायाचित्र घ्यावे. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी रंगाची जात, उजळपणा आणि तीव्रता ही तीन मापे आकड्यांत सांगण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिली. तसा आकडा मिळाला, तर ‘निळसर’ आणि ‘हिरवट’ यांचे भांडण मिटते. रंगाचा एखादा कपचा निघाला तर तो लिफाफ्यात घालून, तारीख व जागा लिहून, अंधारात ठेवावा. या साऱ्यास पैसा फारसा लागत नाही. एक निवांत रविवार लागतो.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मूळ रंग नोंदविणे म्हणजे गाडी पुन्हा त्याच रंगात रंगविणे नव्हे. त्याच वाचकांच्या मामांकडे, सौसरला, लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जीप आहे. तिच्या पांढऱ्या रंगाखाली लष्करी हिरवा रंग आहे. तो रंग तिला परत देता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१ वा नियम तो रंग संरक्षण खात्यासाठीच राखून ठेवतो. अशा जीपच्या पूर्वायुष्याचा पुरावा कागदावरच टिकावयाचा. फियाटच्या बाबतीतही, वडिलांनी हौसेने दिलेला तिसरा थर मुलांना कारखान्याच्या रंगाहून प्रिय असेल, तर तो ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, सर्व थर घासून टाकण्यापूर्वी ते लिहून ठेवावेत. पत्रा एकदा उघडा पडला, की तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही.

सरकारनेही जुन्या वाहनांची दखल घेतली आहे. जुलै २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत स्वतंत्र नोंदणी होते. चॅसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. १९७४-७५ च्या पद्मिनी आता याच वयाच्या झाल्या. मात्र त्याच वर्षापासून जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणालाही गती मिळाली आहे. गावोगावच्या पडव्यांतील गाड्यांपैकी काही नटूनथटून फेरीत जातील, बहुतेक भंगारात जातील. दोन्ही वाटांनी मूळ रंग नाहीसाच होणार.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातील जुन्या गाड्यांच्या रंगांची वही करावयास का सांगू नये? रंगकामाचे शिक्षण आणि स्थानिक इतिहास, दोन्ही एकाच वहीत साधतील. पांढुर्णा हा नवा जिल्हा आहे. त्याच्या दप्तराची पाने अजून कोरी आहेत. आरंभ तेथून झाला तर आम्हांस विशेष आनंद होईल.

जाता जाता आमच्या त्या वाचकांना एक सूचना. रंगाऱ्याला आणखी एक आठवडा थांबवा. आईंना गाडीजवळ खुर्ची टाकून द्या, घासलेली ती चार वर्तुळे त्यांना दाखवा, आणि प्रत्येक रंग कोणत्या साली, कशासाठी दिला, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कारखान्याचा रंग पत्रा सांगेल. त्यानंतरचे रंग सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्यावे.