गंजलेल्या नळीतला इतिहास

डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर एखादा छंद जोपासावा, हा ज्येष्ठांचा सल्ला आपण सारेच ऐकत आलो आहोत. आपल्यातील कोणी नाट्यपदे आळवतो, कोणी कुळागरात रमतो, कोणी जुनी नाणी जमवतो. माझा छंद सांगितला की समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते. सैन्याने सेवेतून काढलेल्या जुन्या रायफलींचा अभ्यास, हा तो छंद. बालरोगतज्ज्ञाचे आणि बंदुकीचे नाते काय, असा प्रश्न मग हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखात त्याचेच उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. माझ्या घरी एकही बंदूक नाही आणि शिकारीशी माझा कधी संबंध आला नाही. ज्यांच्याकडे परवान्याची जुनी शस्त्रे आहेत त्यांच्या संमतीने ती पाहणे, त्यांवरील ठसे वहीत उतरवून घेणे आणि लोखंड व लाकूड कसे टिकवावे याबद्दल चार गोष्टी सांगणे, एवढीच माझी मजल. मात्र या नादातून एक गोष्ट मनोमन पटली आहे. जुनी रायफल हा एक दस्तऐवज असतो आणि तो वाचता येतो. सत्तरीतील घराघरांत असलेले असे दस्तऐवज आज एकेक करून नाहीसे होत आहेत.

कोठारातून बाजारात

कोणत्याही सैन्याने नवी रायफल स्वीकारली की आधीच्या लक्षावधी रायफलींचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहतो. घट्ट ग्रीस चोपडून त्या पेट्यांत भरल्या जातात. पुढे त्या विकल्या जातात, मित्रराष्ट्रांना दिल्या जातात किंवा भट्टीत जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अशा रायफली अमेरिकेत किरकोळ किमतीत टपालाने घरपोच मिळत. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती टपालाने मागविलेल्या अशाच एका इटालियन कारकानो रायफलीने. १९६८च्या कायद्याने तेथील टपालविक्रीला आळा बसला, तरी हौशी संग्राहकांचा वर्ग टिकून राहिला.

आपल्या शेजारचे उदाहरण अधिक बोलके आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेली जुनी शस्त्रे २००३ साली परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतली. ठासणीच्या बंदुकांपासून मार्टिनी रायफलींपर्यंत हजारो नग धूळ आणि वाळलेले ग्रीस अंगावर घेऊन समुद्रापार गेले. ते साफ करणाऱ्या संग्राहकांना लोखंडावर देवनागरी अक्षरे व अंक कोरलेले दिसले. आपल्या लिपीतील हा इतिहास आज अमेरिकेतील घरांच्या भिंतींवर टांगलेला आहे.

भारतात हा मार्ग खुला नाही. सैन्याच्या मापाची शस्त्रे सामान्य नागरिकाला परवान्यावर सहसा मिळत नाहीत. या धोरणाचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. १८५७च्या अनुभवानंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यावी, असा सरकारचा कटाक्ष होता. सैन्याची काडतुसे बाहेर जाऊ नयेत म्हणून नागरिकांसाठी वेगळ्या मापाच्या रायफली बनू लागल्या. ईशापूरच्या कारखान्यातील .३१५ स्पोर्टिंग रायफल ही त्याच परंपरेतली. तिचा सांगाडा प्रसिद्ध ली-एनफिल्डचा, काडतूस मात्र निराळे. आपल्या भागात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या शस्त्रांत एखादी .३१५ आढळली, तर ती .३०३ची चुलत बहीण आहे असे समजावे.

सत्तरीच्या मातीतील शस्त्रे

वाळपईजवळच्या नाणूस किल्ल्यावर २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी कब्जा मिळवला, हा प्रसंग आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्या काळी दोन्ही बाजूंच्या हाती मुख्यतः ठासणीच्या बंदुका होत्या. दारू, गोळी आणि गज यांची कसरत केल्यावाचून दुसरा बार उडत नसे, आणि पावसाळ्यात तर दारू कोरडी राखणे हेच मोठे काम. अशा शस्त्राच्या लढाईत रान, वाटा आणि ऋतू यांची माहिती असणाऱ्याला मोठाच लाभ मिळे.

१८९५ साली चित्र पालटले होते. मोझांबिकला जाण्यास नकार देऊन गोव्यातील मराठा शिपायांनी बंड पुकारले, आणि राण्यांनी त्यांना साथ दिली. पोर्तुगालहून राजबंधू दों आफोंसु यांच्या नेतृत्वाखाली फौज पाठवावी लागली. तोपर्यंत पोर्तुगीज सैन्याची प्रमाण रायफल क्रोपाचेक ही झाली होती. १८८६ साली स्वीकारलेली, ऑस्ट्रियातील स्टायर येथे बनलेली, आठ मिलिमीटर मापाची ही रायफल. नळीखालच्या लांब पोकळीत एकामागे एक आठ काडतुसे बसत. ठासणीच्या बंदुकीचा एक बार होईपर्यंत क्रोपाचेकधारी शिपाई अनेक बार करू शके. बंडे का मोडली गेली, याची राजकीय कारणे इतिहासकार सांगतातच. एक कारण त्या आठ काडतुसांतही आहे.

पुढे १९०४ साली पोर्तुगालने माउझर-वेर्गेरु ही ६.५ मिलिमीटरची रायफल घेतली. ती बर्लिनमध्ये बनत असे. १९६१च्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात आली तेव्हा आपल्या पायदळाची प्रमाण रायफल .३०३ ली-एनफिल्ड हीच होती. चोर्ला घाट ओलांडला की बेळगाव, आणि तेथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. या पलटणींच्या पूर्वसुरींपैकी ११७वी मराठा पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात सापडली होती. घाटाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या कुटुंबांचा इतिहास असा अनेक देशांच्या रायफलींशी बांधला गेला आहे.

ठसे वाचताना

रुग्णाची तपासणी करताना आपण जसे क्रमाने पाहतो, तसेच जुनी रायफलही क्रमाने पाहावी लागते. ली-एनफिल्ड हाती आली की मुठीजवळच्या लोखंडी पट्ट्याच्या उजव्या बाजूस मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि प्रकार इतके तपशील मिळतात. जी.आर.आय. ही अक्षरे जॉर्ज राजाची, भारताचा सम्राट या नात्याने. आर.एफ.आय. म्हणजे ईशापूरचा रायफल कारखाना. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एकाच कारखान्याच्या एकाच नमुन्यावरील हा बदल पाहताना सत्तांतर जणू बोटाखाली जाणवते. पुढच्या लाकडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा ही ईशापूरच्या रायफलीची खास ओळख. काडतुसाच्या बुडावर के.एफ. ही अक्षरे दिसली तर ते पुण्याजवळच्या खडकी येथील, १८६९ साली सुरू झालेल्या कारखान्याचे.

महाविद्यालयात एन.सी.सी. केलेल्या मित्रांना डी.पी. ही अक्षरे आठवत असतील. कवायतीपुरती ठेवलेली, बार उडू नये अशी केलेली ती रायफल. सुमारे चार किलोचे ते ओझे खांद्यावर घेऊन आपल्यापैकी कित्येकांनी प्रजासत्ताकदिनाचे संचलन केले आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० सालच्या प्रजासत्ताकदिनी .३०३ला समारंभपूर्वक निरोप दिला.

जतन आणि झिलई

वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या तालुक्यात लोखंडाचे आयुष्य मुळातच खडतर. त्यात एक रासायनिक शत्रू दडलेला असतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसते. हा क्षार हवेतील ओल ओढून घेतो आणि नळी आतून खाऊ लागतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून जुने शिपाई बार झाल्यावर नळीतून आधी कढत पाणी ओतत आणि ती कोरडी करून मगच तेल लावत. आपण जखम आधी धुतो आणि मग मलम लावतो, त्याच जातीचे हे शहाणपण.

जतन करताना सर्वांत मोठा मोह असतो तो नवेपणाचा. पॉलिशकागद घेऊन लोखंड घासले की ते चकाकते खरे, पण त्यासोबत ठसेही जातात. लाकडाला चकचकीत वॉर्निश फासले की शिपायाच्या हाताने पिढ्यान्‌पिढ्या आलेला तुकतुकीत काळसरपणा झाकला जातो. लाल गंज चालू रोगासारखा असतो, तो थांबवावाच लागतो. काळा थर मात्र बहुधा स्थिर असतो, त्याला हात लावू नये. अतिशय बारीक पोलादी लोकर, हलके तेल आणि भरपूर सबुरी एवढ्यावर बाहेरचे काम भागते. लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, जादा तेल पुसून घ्यावे आणि ते सुकेपर्यंत थांबावे. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात.

येथेच एक मर्यादा सांगितली पाहिजे. बाहेरून पुसणे वेगळे आणि दुरुस्ती वेगळी. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती हीदेखील परवान्याची बाब आहे. चाप, बोल्ट किंवा नळी यांच्याशी घरी खटपट करू नये. ठासणीची जुनी बंदूक तर भरलेलीच आहे असे धरून चालावे. आजोबांनी ठासलेली दारू नातवाच्या काळातही नळीत तशीच असू शकते. तिचे तोंड कोणाकडेही न रोखता पोलिसांना किंवा परवानाधारक कारागिराला कळवावे.

परवानाधारक गेल्यावर

सत्तरीत जुनी शस्त्रे नाहीशी होतात ती चोरीने क्वचितच. परवानाधारक वृद्ध गृहस्थ निवर्ततात, घरात बाराव्या-तेराव्याची गडबड असते, मुले परगावी असतात आणि कपाटामागे बंदूक उभी असते. कोणी भीतीने ती लपवून ठेवतो, कोणी मोडून भंगारात देतो. दोन्ही मार्ग चुकीचे व धोक्याचे आहेत. परवाना व्यक्तीच्या नावे असतो. तिच्या निधनानंतर वारसांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कायदा सांगतो. जमा केल्यानंतर वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो किंवा शस्त्र पात्र व्यक्तीस विकता येते. मुदतीत काहीच न केल्यास ते सरकारजमा होऊ शकते, आणि मग त्याचा शेवट बहुधा भट्टीत होतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, वारशाने आलेली धरून.

तिसरी वाटही आहे. कालबाह्य, पुरातन मूल्याचे अथवा मोडके शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल, तर कायद्याच्या ४५व्या कलमात त्याला सूट आहे. अमुक शस्त्र या सुटीत बसते की नाही, हे मात्र आपण ठरवायचे नसते. संबंधित अधिकाऱ्याकडून ते लेखी घ्यावे. शस्त्र कायमचे निकामी करून घेण्याची तरतूदही २०१६च्या नियमांत आहे. काही संग्राहकांना ही कल्पना सहन होत नाही. नळी बुजवली की शस्त्राचा आत्माच गेला, असे ते म्हणतात. त्यांची हळहळ मला कळते, पण त्यांचे मत मी स्वीकारत नाही.

बालरोगतज्ज्ञाचे मत

त्याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. चालू लागलेले मूल घरातील कोणत्या कपाटापर्यंत पोहोचते, हे त्याच्या आईवडिलांना सर्वांत शेवटी कळते. गोळ्यांच्या बाटल्या, रॉकेल, कीटकनाशके यांच्याबाबत आपण पालकांना रोज बजावतो. बंदुकीबाबत मात्र विचारतही नाही. अमेरिकेत २०२० साली मुले व किशोर यांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने वाहन अपघातांना मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सोपा आहे : बंदूक रिकामी ठेवा, कुलपात ठेवा, आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा.

शिशाकडेही दुर्लक्ष नको. जुन्या नळीतील काजळीत शिसे असते. मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. त्यामुळे साफसफाई जेवणाच्या टेबलावर किंवा मुले खेळतात त्या ओसरीवर होता कामा नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत.

मित्रहो, सत्तरीच्या घरांत आपल्याला जितका विश्वासाने प्रवेश मिळतो तितका क्वचितच कोणाला मिळत असेल. एखाद्या घरी जुने शस्त्र आहे असे कळले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ते कुलपात आहे का? परवाना कोणाच्या नावे आहे आणि ती व्यक्ती हयात आहे का? त्याची हकिकत सांगणारे वडीलधारे माणूस घरात कोण आहे? पहिल्या प्रश्नाने मूल वाचेल, दुसऱ्याने कुटुंब अडचणीतून वाचेल आणि तिसऱ्याने इतिहास वाचेल. ठशांचे छायाचित्र, परवान्याची प्रत आणि आजीने किंवा आजोबांनी सांगितलेली हकिकत एका वहीत नोंदवून ठेवली, तर शस्त्र पुढे संग्रहालयात जावो, निकामी होवो वा भट्टीत जावो, त्याने पाहिलेला काळ आपल्याकडे उरेल. ही वही लिहायला परवाना लागत नाही. ते वडीलधारे माणूस हयात आहे तोवर ती लिहून घ्यावी, एवढीच विनंती.