शिकवणारा उस्ताद, टिकणारे दुकान

आपल्या कितीतरी घरांची चूल हुनरावर पेटते. कुणाचे गॅरेज आहे, कुणाचे शिलाईचे, वेल्डिंगचे किंवा फर्निचरचे काम. या धंद्यांत शाळा नव्हती, उस्ताद होते. पोरगा पाने हातात देत देत, बघत बघत शिकायचा आणि एक दिवस स्वतः उस्ताद व्हायचा. आज मात्र वेगळाच पेच आहे. काम बदलले आणि उस्तादांनाच ते नवे वाटू लागले.

दुचाकीच्या गॅरेजचेच पाहा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला, त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. नुसत्या आवाजावरून स्क्रू फिरवून गाडी ट्यून करणारा हात आता सेन्सर आणि वायरिंगपुढे थबकतो. दोष शोधायला स्कॅनर लागतो. पाठोपाठ विजेवरच्या स्कूटर आल्या आहेत. गॅरेजमध्ये हे कुणालाच येत नसेल, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि मालकाबरोबर कारागिराचीही रोजी जाते.

मग कारागिरांना शिकवत का नाहीत? बहुतेक मालकांचे उत्तर ठरलेले असते: ‘शिकवला की उडाला. उद्या समोरच दुकान टाकेल.’ ही भीती खोटी नाही. पण न शिकवल्याने तरी कोण थांबतो? हुशार मुलगा जातोच, आणि मागे राहतो तो न शिकलेला. जिथे हुनर वाढते, पगार वाढतो आणि इज्जत मिळते, तिथून माणसाचा पाय लवकर निघत नाही.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातला एक तास ठरवावा, पण तो कामाच्या वेळेतला असावा. रात्री नऊला दमलेल्या पोराला काय समजणार? मालकाने स्वतःही त्यात बसावे. ‘हे मलाही येत नाही, मिळून पाहू,’ असे म्हटल्याने उस्तादाचा मान कमी होत नाही. मोबाईल सराईतपणे वापरणारा विशीतला कारागीर स्कॅनर आधी शिकला, तर त्यालाच इतरांना शिकवू द्यावे. सरावासाठी एखादे भंगारातले इंजिन, जुने वायरिंग बाजूला ठेवावे, म्हणजे चूक गिऱ्हाइकाच्या गाडीवर होणार नाही. आणि गिऱ्हाइकासमोर ओरडू नये. एकदा अपमान झाला की पोरगा विचारायचे सोडतो. न विचारता केलेली चूक जास्त महागात पडते.

कोणते काम आले की पगार किती वाढेल, हेही आधीच सांगावे. आशा दिसली की मेहनत येते.

कागदाचीही सोय आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार किमान चार कामगार असलेली आस्थापनाही शिकाऊ उमेदवार घेऊ शकते. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही वाटा सरकार उचलते. जवळच्या आयटीआयमध्ये याची चौकशी करता येते. वर्षानुवर्षे काम करूनही हातात कागद नसलेल्या कारागिरांसाठी ‘आरपीएल’ आहे. त्यात आधीच्या अनुभवाची परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. एक गोष्ट मात्र विसरू नये: शाळेच्या वयातल्या पोराची जागा शाळेत आहे, गॅरेजमध्ये नाही.

घरच्यांचाही यात वाटा आहे. संध्याकाळी कामावरून आलेल्या मुलाला आपण ‘आज किती मिळाले?’ असे विचारतो. कधी ‘आज काय शिकलास?’ असेही विचारू या. आणि घरात कुणी मालक असेल, तर त्याला विचारू या: ‘आज कुणाला काय शिकवलेत?’ उस्ताद हा शब्द आपण आदराने उच्चारतो. तो आदर गल्ल्यावर बसून मिळालेला नाही, शिकवून मिळालेला आहे.