फवारणीनंतर डोळ्यांपुढे अंधारी

2017 चा पावसाळा. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कीटकनाशकांची फवारणी करणारे शेतकरी-शेतमजूर शेकड्यांनी दाखल झाले. जिल्ह्यात सुमारे 20 जणांचा जीव गेला. उलट्या, घाम, चक्कर आणि अनेकांची आणखी एक तक्रार: नीट दिसत नाही. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा थेट तोंडावर येत होता.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं त्वचेतूनही शरीरात शिरतात. नसांचा निरोप स्नायूंना पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलिन काम झाल्यावर एक विकर मोडून टाकतं. हे विष त्या विकरालाच निकामी करतं, मग निरोप थांबतच नाहीत. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते, उजेड कमी आत येतो. भिंगाचा स्नायू आवळलेलाच राहतो, म्हणून दूरचं धूसर दिसतं. उतारा अ‍ॅट्रोपिनचा. तो बाहुली मोठी करतो आणि भिंगाचा स्नायू सैल सोडतो, त्यामुळे विष उतरत असतानाही जवळचं काही काळ अंधुक दिसू शकतं. घाबरलेल्या घरच्यांना हे कुणीतरी समजावून सांगायलाच हवं.

फवारताना नजर धूसर झाली तर थकवा समजून पंप पुन्हा पाठीवर घेऊ नका. भिजलेले कपडे उतरवा, अंग साबणानं धुवा, डोळ्यांवर 15 मिनिटं स्वच्छ पाणी सोडा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.