सौंदर्यप्रसाधनांच्या किरकोळ विक्रीतील नफा कसा काढावा?

मीरा-भाईंदर भागातील उत्तन-डोंगरीकडे भाजीपाला पिकविणाऱ्या कुटुंबांना पावडर, क्रीम, टिकल्यांची घरगुती विक्री हा जोडधंदा करता येतो. घाऊक माल मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट परिसरात मिळतो. तथापि छापील किमतीवर मिळणारी सूट म्हणजे नफा नव्हे.

समजा, छापील ५,००० रुपयांचा माल २० टक्के कमी दराने, म्हणजे ४,००० रुपयांस घेतला. सर्व खपल्यास १,००० रुपये सुटतात. परंतु दहावा हिस्सा पडून राहिला, तर विक्री ४,५०० रुपयांचीच होते व हाती ५०० उरतात. बस, लोकल, रिक्षाचे २०० रुपये वजा जाता राहिले ३००. शेजारीपाजारी तेवढीच उधारी थकली की शिल्लक शून्य! यात घरच्या माणसाची मजुरी धरलेलीच नाही. पिकाच्या जमाखर्चातही आपण ती अशीच विसरतो. ही तूट भाव वाढवून भरून काढता येत नाही, कारण छापील किमतीपेक्षा जास्त दर घेण्यास कायद्याने मनाई आहे.

म्हणून पहिली खरेदी लहान ठेवावी. वापराची मुदत पाहूनच माल घ्यावा आणि न खपलेला माल बदलून मिळेल काय, हे पैसे देण्यापूर्वीच घाऊक दुकानदारास विचारावे.